बॅटरसी नॉर्थ : सकलातवालांना दोनदा निवडून देणारा लंडनचा मतदारसंघ

गिरणगावकर

ब्रिटिश पार्लमेंटात पोचलेल्या तीन पारशी खासदारांची नावं आपल्यातल्या बऱ्याच जणांना तोंडपाठ असतात. दादाभाई नौरोजी, मंचेरजी भावनगरी, शापूरजी सकलातवाला. तिघांचंही मुंबईशी नातं, पक्ष मात्र तीन: दादाभाई लिबरल, भावनगरी हुजूर पक्षाचे आणि सकलातवाला आधी मजूर पक्षाचे, मग उघड कम्युनिस्ट. तिघांवर मराठीत अधूनमधून लिहिलं जातं. पण ज्या लोकांनी त्यांना मतं दिली त्यांच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. माझं म्हणणं असं की सकलातवालांचा विजय समजून घ्यायचा तर बॅटरसी नॉर्थ हा मतदारसंघ आधी समजून घ्यावा लागतो. हा धागा त्याच्यासाठी.

बॅटरसी म्हणजे थेम्सच्या दक्षिण काठावरची कामगार वस्ती. नाइन एल्म्सची रेल्वे यार्डं आणि गॅस कारखाना, मेणबत्त्यांचा प्राइस कारखाना, धातू वितळवायच्या मुशी बनवणारा मॉर्गन कारखाना, आणि त्यात राबणाऱ्यांची दाटीवाटीची घरं. १८९२ पासून १९१८ पर्यंत इथले खासदार होते जॉन बर्न्स. १८८९ च्या गोदी कामगारांच्या संपाचे पुढारी, पुढे लिबरल मंत्रिमंडळात गेले आणि १९१४ मध्ये महायुद्धाला विरोध म्हणून राजीनामा देऊन बाहेर पडले. १९१८ मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली, बॅटरसीचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडले आणि बर्न्स निवडणुकीतून बाजूला झाले. बॅटरसी नॉर्थचा जन्म तिथला.

पहिल्याच निवडणुकीत मजूर पक्षाने उमेदवारी दिली शार्लट डेस्पार्ड यांना. वय ७४. स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुरुंगात जाऊन आलेल्या, नाइन एल्म्सच्या गरीब वस्तीत राहून मुलांसाठी दवाखाना चालवणाऱ्या, आणि युद्धाच्या कट्टर विरोधक. त्यांचे सख्खे भाऊ म्हणजे फील्ड मार्शल जॉन फ्रेंच, ज्यांनी १९१४ मध्ये फ्रान्समध्ये ब्रिटिश फौजेचं नेतृत्व केलं! युद्ध जिंकल्याला जेमतेम महिना झालेला, सगळीकडे विजयाचा जल्लोष, त्यात शांततावादी बाईंना ५,६३४ मतं पडली. सरकारी आघाडीचे लिबरल रिचर्ड मॉरिस ११,२३१ मतं घेऊन जिंकले. पराभव मोठाच. पण स्त्रियांना उभं राहायची परवानगी मिळून जेमतेम महिना झाला होता आणि देशभरात फक्त १७ स्त्रिया रिंगणात होत्या. त्यांतली एक इथे होती, हे या वस्तीबद्दल बरंच सांगून जातं.

आता पुढच्या तीन निवडणुका. हे आकडे सलग वाचा.

१९२२ : सकलातवाला (मजूर) ११,३११. हेन्री हॉगबिन (नॅशनल लिबरल) ९,२९०. अल्बू (लिबरल) १,७५६.

१९२३ : हॉगबिन (लिबरल) १२,५२७. सकलातवाला १२,३४१.

१९२४ : सकलातवाला (कम्युनिस्ट) १५,०९६. हॉगबिन (कॉन्स्टिट्यूशनलिस्ट) १४,५५४.

१९२२ मध्ये विरोधकांची मतं फुटली म्हणून सकलातवाला आले, असं सर्रास सांगितलं जातं. बेरीज करून बघा. दोन्ही विरोधक मिळून ११,०४६ होतात, म्हणजे एकास एक लढत झाली असती तरी ते २६५ मतांनी पुढेच होते. १९२३ मध्ये ते १८६ मतांनी पडले, पण त्यांची स्वतःची मतं हजाराने वाढलेली होती. आणि १९२४ चा निकाल तर थक्क करणारा आहे. मतदानाच्या चार दिवस आधी वर्तमानपत्रात ते कुप्रसिद्ध झिनोव्हिएव्ह पत्र छापून आलं. मॉस्को ब्रिटनमध्ये बंडाळी माजवणार, अशी हूल उठली. हुजूर पक्ष चारशेच्या वर जागा जिंकून आला, मजूर पक्षाचं सरकार गेलं. त्याच दिवशी बॅटरसीत एक जण कम्युनिस्ट म्हणूनच उभा राहिला, मजूर पक्षाचं अधिकृत तिकीट हाती नसताना, आणि आधीपेक्षा पावणेतीन हजार जास्त मतं घेऊन निवडून आला. त्या सभागृहातला तो एकमेव कम्युनिस्ट.

हे कसं झालं, यावर बोलूया.

मृद्गंध

लेख आवडला. एक प्रश्न लगेच पडला. दादाभाईंना उद्देशून लॉर्ड सॅलिसबरींनी 'काळा माणूस' म्हटल्याची गोष्ट आपण सगळ्यांनी वाचलीय. त्यानंतर जेमतेम पस्तीस वर्षांत अकरा हजार इंग्रज कामगार मुंबईच्या माणसाला मतं देतात? वंशद्वेष एवढ्यात संपला होता का?

गिरणगावकर

मृद्गंध, संपला नव्हता. पण बॅटरसीच्या लोकांना वेगळ्या रंगाचा पुढारी नवा नव्हता. नोव्हेंबर १९१३ मध्ये तिथल्या नगरपालिकेने जॉन आर्चर यांना महापौर निवडलं होतं. लिव्हरपूलमध्ये जन्मलेले, वडील बार्बाडोसचे, बॅटरसीत फोटो स्टुडिओ चालवायचे. लंडनमधल्या कुठल्याही बरोचे (म्हणजे नगरपालिका विभागाचे) ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. निवडणूक अटीतटीची झाली आणि वर्णावरून त्यांच्यावर भरपूर चिखलफेकही झाली, तरी ते एका मताने निवडून आले. हेच आर्चर पुढे १९२२ आणि १९२४ मध्ये सकलातवालांचे निवडणूक प्रतिनिधी होते. मतदार याद्या, घरोघरी फिरणं, मतदानाच्या दिवशी लोकांना केंद्रावर आणणं, हा सगळा कारभार त्यांच्याकडे.

दुसरी गोष्ट नगरपालिकेची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामगार संघटना, समाजवादी आणि पुरोगामी लिबरल यांची युती तिथे सत्तेत होती. तिने ठेकेदार बाजूला ठेवून स्वतःचे कामगार नेमून बांधकामं केली. लॅचमिअर वसाहत ही अशीच १९०३ मध्ये उभी राहिली. म्हणजे सकलातवाला यायच्या वीस वर्षं आधीपासून या वस्तीला राजकारण म्हणजे घर, मजुरी आणि भाडं हे अनुभवाने ठाऊक होतं. त्या भाषेत बोलणारा माणूस भायखळ्याचा आहे की बर्मिंगहॅमचा, हे दुय्यम ठरलं.

थेम्सकाठी

मी बॅटरसीपासून बसने दहा मिनिटांवर राहते आणि लॅचमिअर वसाहतीतून माझं नेहमी जाणं-येणं असतं. गिरणगावकर, तुम्ही लिहिलंत म्हणून तिथल्या रस्त्यांची नावं मुद्दाम देते. रिफॉर्म स्ट्रीट, फ्रीडम स्ट्रीट, बर्न्स रोड (तेच जॉन बर्न्स), ऑजर स्ट्रीट (जॉर्ज ऑजर, कामगार पुढारी), आणि ज्युबेअर स्ट्रीट. हे शेवटचं नाव कोणाचं, माहितीये? जनरल ज्युबेअर, बोअर युद्धात ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्या सैन्याचा सेनापती. युद्ध नुकतंच संपलं होतं आणि लंडनमधल्या एका नगरपालिकेने शत्रूच्या सेनापतीचं नाव आपल्या रस्त्याला दिलं! साम्राज्याच्या राजधानीत!

घरं विटांची, दोन मजली, रांगेत. वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडाला रस्त्यावर उघडणारं आपापलं वेगळं दार. शेजारी-शेजारी दोन दारं दिसली की समजायचं, एक वरच्यांचं आणि एक खालच्यांचं. १९०३ मध्ये कामगाराच्या कुटुंबाला स्वतःचा उंबरठा मिळणं ही किती मोठी गोष्ट असेल. आजही ती घरं भक्कम आहेत.

जवळच लॅचमिअरचं मैदान आहे, तिथे १९०६ मध्ये 'ब्राउन डॉग'चा पुतळा बसवला होता. वैद्यकीय प्रयोगात चिरफाड केलेल्या एका कुत्र्याचं स्मारक. वैद्यकीचे विद्यार्थी तो पाडायला चालून यायचे आणि वस्तीतले कामगार त्याच्या बाजूने उभे राहायचे, दंगली झाल्या. १९१० मध्ये नव्या नगरपालिकेने पुतळा रातोरात हलवला. बॅटरसीचा स्वभाव कळावा म्हणून सांगितलं.

जुनापुणेकर

माहितीपूर्ण चर्चा, पण मला एका मुद्द्यावर मतभेद नोंदवायचा आहे. संघटनेला तुम्ही फार श्रेय देताय आणि माणसाला कमी. सकलातवाला म्हणजे जमशेटजी टाटांचे सख्खे भाचे. आई जेरबाई या जमशेटजींची बहीण. टाटांसाठी लोखंडाच्या खनिजाच्या शोधात रानोमाळ हिंडलेला, घरची श्रीमंती असूनही १९०९ मध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टीत गेलेला हा माणूस. बायको सॅली मार्श डर्बीशरची, सामान्य घरातली. वक्तृत्व असं की सभेला माणसं लोटायची. असा उमेदवार नसता तर आर्चरांची यंत्रणा काय करणार होती? मजूर पक्षाचे तिथले बाकीचे उमेदवार बघा, त्यांच्यात ही जादू दिसत नाही.

गिरणगावकर

जुनापुणेकर, वक्तृत्व होतंच, ते कोणी नाकारत नाही. पण तुमच्या मुद्द्याची परीक्षा घ्यायची सोय इतिहासानेच करून ठेवलीय. १९२९ मध्ये माणूस तोच होता, मतदारसंघ तोच होता, फक्त यंत्रणा दुसरीकडे गेली होती. काय झालं बघा.

मजूर पक्षाने १९२४-२५ च्या अधिवेशनांत ठरवलं की कम्युनिस्टांना उमेदवारी नाही आणि सभासदत्वही नाही. बॅटरसीच्या कामगार मंडळाने आणि स्थानिक मजूर पक्षाने हा ठराव मानायला नकार दिला. परिणामी १९२६ मध्ये मध्यवर्ती पक्षाने बॅटरसीची शाखाच बाहेर काढली आणि तिथे नवी, अधिकृत शाखा उभी केली. आर्चर अधिकृत शाखेत गेले. इकडे कम्युनिस्ट पक्षानेही १९२८ नंतर 'वर्गाविरुद्ध वर्ग' असं धोरण घेतलं. मजूर पक्ष म्हणजे भांडवलदारांचाच एक हात, त्याच्याशी कसलीही युती नको. दोन्ही बाजूंनी दारं लावून घेतली आणि मधे चिरडली गेली ती बॅटरसीतली पंचवीस-तीस वर्षांची एकजूट. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि दोष दोघांचाही आहे असं माझं ठाम मत आहे.

१९२९ ला मजूर पक्षाने विल्यम स्टीफन सँडर्स यांना उभं केलं, फेबियन सोसायटी या समाजवादी संस्थेचे माजी सचिव. त्यांचे निवडणूक प्रतिनिधी कोण? जॉन आर्चर. सँडर्स तेरा हजारांवर मतं घेऊन जिंकले, हुजूर पक्षाचे मार्सडन दुसरे आणि सकलातवाला तिसरे, ६,५५४ मतं. १९३१ मध्ये ते पुन्हा उभे राहिले तेव्हा ३,०२१.

पंधरा हजारांवरून साडेसहा हजार, तिथून तीन हजार. त्या सात वर्षांत वक्तृत्व कमी झालं नव्हतं.

जुनापुणेकर

आकडे मान्य. पण त्याच आकड्यांतून मला वेगळं दिसतं. अधिकृत पक्ष विरोधात, जुना सहकारी विरोधात, वर्तमानपत्रं विरोधात, आणि तरी साडेसहा हजार लोक त्याच माणसाला मत देतात. त्या काळात ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी कम्युनिस्ट उमेदवाराची अनामत जप्त व्हायची. हे साडेसहा हजार निव्वळ सकलातवालांचे होते, पक्षाचे नव्हते. यंत्रणा त्यांना जिंकवायची, हे तुमचं खरं. पण हरतानाही ज्याच्या मागे एवढी माणसं राहतात, तो फक्त यंत्रणेचा उमेदवार नसतो.

गिरणगावकर

हे पटलं. साडेसहा हजारांचं श्रेय त्यांचंच.

कामगारकन्या

या सगळ्यात मुंबईची बाजूही यायला हवी, म्हणून लिहिते. माझे आजोबा गिरणीत होते, घरात हा विषय लहानपणापासून ऐकलाय.

आयटक, म्हणजे आपली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, १९२० मध्ये मुंबईत स्थापन झाली. तिचं लंडनमधलं काम पाहणारी संस्था होती वर्कर्स वेल्फेअर लीग ऑफ इंडिया, आणि तिच्यामागे सकलातवाला होते. इकडे ना. म. जोशी कायदेमंडळात कामगारांचे प्रश्न मांडायचे आणि तिकडे कॉमन्समध्ये बॅटरसीचा खासदार तेच विचारायचा. बॅटरसीच्या मतदारांनी त्यांना निवडलं ते स्वतःच्या भाड्यासाठी आणि बेकारीसाठी, पण त्या मतांतून परळ-लालबागच्या माणसालाही पार्लमेंटात आवाज मिळाला. तागाच्या आणि कापसाच्या गिरण्यांतली हिंदुस्थानातली मजुरी पडली तर लँकेशर आणि डंडीच्या कामगाराचं काम जातं, हे ते तिथल्या सभांमध्ये समजावून सांगायचे. हा मुद्दा ब्रिटिश कामगाराला दयेपोटी नव्हे, स्वतःच्या पोटाशी लावून कळायचा. मला वाटतं त्यांच्या यशातला हा फार महत्त्वाचा धागा आहे.

मे १९२६ मध्ये सार्वत्रिक संपाच्या तोंडावर हाइड पार्कात केलेल्या भाषणाबद्दल त्यांना अटक झाली. शांततेचा जामीन द्यायला त्यांनी नकार दिला आणि दोन महिने वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगात काढले. खासदार असताना. जानेवारी १९२७ मध्ये ते मुंबईत उतरले, देशभर फिरले, गांधीजींशी त्यांचा तो प्रसिद्ध जाहीर पत्रव्यवहार झाला. चरखा आणि कामगार संघटना यावरचा तो वाद आजही वाचण्यासारखा आहे. परत गेल्यावर ब्रिटिश सरकारने त्यांना हिंदुस्थानात यायला कायमची बंदी घातली. १९२९ मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं, पण बंदी काही उठली नाही. स्वतःच्या जन्मगावी परत येणं त्यांना कधीच जमलं नाही, १९३६ च्या जानेवारीत ते लंडनमध्येच वारले. मीरत खटल्यात, म्हणजे सरकारने कामगार पुढाऱ्यांवर चालवलेल्या कटाच्या खटल्यात, डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर ही आपली माणसं तुरुंगात होती तेव्हा त्यांच्यासाठी इंग्लंडात बोलणाऱ्यांत सकलातवाला पुढे होते.

मृद्गंध

कामगारकन्या, सुंदर प्रतिसाद. १९२७ मध्ये त्यांनी मुलांचा नवजोत (पारशी धर्मदीक्षेचा विधी) केला, त्यावरून कम्युनिस्ट पक्ष रागावला होता असं वाचलंय. त्याचा मतांवर परिणाम झाला का?

कामगारकन्या

लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये मुलांचा नवजोत झाला आणि पक्षाने त्यांना जाहीर समज दिली, हे खरं. पण बॅटरसीतल्या कामगाराने त्यावरून मत फिरवलं असेल असं मला वाटत नाही. तिथे आयरिश कॅथलिक भरपूर होते, त्यांना उलट धर्म पाळणारा माणूस जवळचा वाटला असेल. १९२९ ला मतं फुटली ती गिरणगावकरांनी सांगितलेल्या कारणाने.

आकडेमोड

एक पुरवणी. हॉगबिन यांच्या पक्षाचं नाव बघा: १९२२ ला नॅशनल लिबरल, १९२३ ला लिबरल, १९२४ ला कॉन्स्टिट्यूशनलिस्ट. तीन निवडणुका, तीन लेबलं, काम एकच: सकलातवालांना पाडणं. हुजूर पक्षाने त्या काळात इथे स्वतःचा उमेदवार न देता त्यांच्यामागे बळ उभं केलं. कॉन्स्टिट्यूशनलिस्ट या नावाखाली १९२४ मध्ये एपिंगमधून उभे राहिलेले आणखी एक गृहस्थ म्हणजे विन्स्टन चर्चिल. लिबरल पक्ष सोडून हुजूर पक्षात परतायची ती पायरी होती.

आणि १९२३ ते १९२४ या एका वर्षात दोन्ही उमेदवारांची मिळून मतं २४,८६८ वरून २९,६५० झाली. म्हणजे आधी घरी बसलेले जवळपास पावणेपाच हजार लोक बाहेर पडले, आणि त्यातले जास्त सकलातवालांकडे गेले. लाल भीतीच्या प्रचाराने विरोधकांची माणसं बाहेर काढलीच, पण वस्तीतली माणसं त्याहून जास्त बाहेर काढली.

विदर्भवासी

सकलातवालांनंतर मतदारसंघाचं काय झालं? तो भाग राहिलाय.

गिरणगावकर

पुढचा प्रवास सरळ आहे. १९३१ च्या लाटेत हुजूर पक्षाचे कॅप्टन आर्थर मार्सडन आले. नौदल अधिकारी, जटलंडच्या लढाईत त्यांची विनाशिका 'आर्डंट' बुडाली तेव्हा वाचलेल्या दोघांतले एक. १९३५ ला सँडर्सनी जागा परत घेतली. १९४० मध्ये ते निवृत्त झाल्यावर पोटनिवडणूक झाली, फ्रान्सिस डग्लस आले. युद्धामुळे मोठे पक्ष एकमेकांविरुद्ध लढत नव्हते. १९४६ मध्ये डग्लस माल्टाचे गव्हर्नर झाले, परत पोटनिवडणूक, आणि डग्लस जे (Jay) नावाचे दुसरे गृहस्थ निवडून आले. हे जे तब्बल ३७ वर्षं, मतदारसंघ संपेपर्यंत खासदार राहिले. हॅरॉल्ड विल्सन यांच्या मंत्रिमंडळात व्यापारमंत्री होते आणि युरोपच्या सामायिक बाजारपेठेत जायला त्यांचा कडवा विरोध होता.

पहिल्या तेरा वर्षांत सहा निवडणुकांना पाच वेगवेगळे लोक जिंकले आणि नंतर मात्र जागा मजूर पक्षाकडे जी गेली ती गेलीच. १९८३ मध्ये उत्तर आणि दक्षिण बॅटरसीचा बराचसा भाग पुन्हा एक करून बॅटरसी मतदारसंघ झाला.

तिघांचेही मतदारसंघ आज नाहीत. दादाभाईंचा सेंट्रल फिन्सबरी, जिथे १८९२ मध्ये ते पाच मतांनी जिंकले, १९१८ ला गेला. भावनगरींचा बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्ट, १८९५ ला १६० मतांनी जिंकलेला, तोही गेला. लंडनच्या मध्यवस्तीची लोकसंख्या घटत गेली तसतशा तिथल्या जागा एकमेकींत मिसळत गेल्या.

विदर्भवासी

आणि आताच्या बॅटरसीत कोण जिंकतं?

थेम्सकाठी

सुरुवातीला आल्फ डब्ज, मजूर पक्षाचे. नाझींपासून वाचवून लहानपणी प्रागहून आगगाडीने इंग्लंडला आणलेल्या मुलांपैकी एक. १९८७ मध्ये ते हुजूर पक्षाच्या जॉन बोविस यांच्याकडून ८५७ मतांनी पडले. वस्ती बदलत होती. वीजकेंद्र बंद पडलं, गोदामं गेली, नदीकाठी महागडे फ्लॅट आले. आज नाइन एल्म्सला अमेरिकेचा दूतावास आहे आणि वीजकेंद्रात २०२२ पासून दुकानं आणि ऑफिसं आहेत. १९९७ ला मार्टिन लिंटन यांनी जागा मजूर पक्षाकडे आणली, २०१० ला जेन एलिसन यांनी हुजूर पक्षाकडे नेली, २०१७ पासून मार्शा डी कॉर्डोव्हा मजूर पक्षाच्या खासदार आहेत.

आकडेमोड यांच्यासाठी खास: २००५ मध्ये लिंटन यांनी जागा राखली ती १६३ मतांनी. हॉगबिन यांच्या १८६ पेक्षाही कमी.